काल तर जमत होतं!

वाचकहो, क्रिकेटच्या अटीतटीच्या सामन्यात घरातील ज्येष्ठ मंडळी दूरचित्रवाणी संचासमोर किती तावातावाने बोलतात, हे आपण पाहिले असेल. कदाचित त्या मंडळींत आपण स्वतःही असाल. हाताशी आलेला सामना एखाद्या गोलंदाजाच्या स्वैर षटकाने जातो आणि आजोबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. घरच्यांना त्याची गंमत वाटते. गेली अठ्ठावीस वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या मला त्यात गमतीबरोबर आणखीही काही दिसते. ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. उदाहरण मात्र क्रिकेटचे नाही, बेसबॉलचे आहे, कारण माझे रुग्ण असलेले एक काका त्या खेळाचे भक्त आहेत. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, मी हे लिहीत आहे.

काकांचे वय ७८. व्यवसायाने अभियंता. १९७१ च्या उन्हाळ्यात ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी गेले आणि नोकरी, संसार, मुले असे सारे तिथेच झाले. निवृत्तीनंतर पत्नीसह पुण्याला परतले. पण पिट्सबर्गचा संघ, म्हणजे पायरेट्स, त्यांनी सोडला नाही. या संघाने १९७९ नंतर विजेतेपद मिळवलेले नाही. १९९३ ते २०१२ या सलग वीस हंगामांत त्यांचे पराभव विजयांपेक्षा अधिक होते. तरीही काका वारकऱ्याच्या निष्ठेने त्यांच्या मागे आहेत. पिट्सबर्गला संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात पहाटेचे ४ वाजून १० मिनिटे झालेली असतात. काका त्या वेळी उठून, कानाला यंत्र लावून, अंधाऱ्या दिवाणखान्यात संगणकासमोर बसतात.

आता थोडे या खेळाविषयी, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. आपल्या गोलंदाजासारखा तिथे पिचर असतो. तो धावत येत नाही. मैदानातील मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, आणि चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या बावीस यार्डांहून साडेपाच फूट कमी. फलंदाजाजवळ जमिनीत एक पाटी बसवलेली असते, तिची रुंदी १७ इंच. त्या रुंदीवरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून साधारण छातीच्या मध्यापर्यंतच्या उंचीतून चेंडू जायला हवा. फलंदाजाने बॅट न फिरवता सोडून दिलेले चार चेंडू या चौकटीबाहेर गेले, की तो काहीही न करता पहिल्या तळावर चालत जातो. याला ‘वॉक’ म्हणतात. प्रेक्षकाला षटकाराहून अधिक संताप येतो तो या फुकटच्या चालण्याचा. सामना सुरू करतो तो स्टार्टिंग पिचर. त्याच्या खांद्यावर आणि कोपरावर इतका ताण पडतो की त्याला लगोलग पुन्हा खेळवता येत नाही. म्हणून संघात असे बहुधा पाच जण असतात आणि प्रत्येकाची पाळी पाच-सहा दिवसांनी येते. हंगामात १६२ सामने होत असल्याने ही पाळी मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत फिरत राहते.

काकांचा रक्तदाब मी अनेक वर्षे पाहते आहे. अभियंता असल्याने ते घरी स्वतः मोजून तारीखवार वहीत लिहितात. गेल्या उन्हाळ्यात ती वही चाळताना मला चमत्कारिक क्रम दिसला. चार-पाच दिवस १३४, १३० असे आकडे, मग एका सकाळी १६८. पुन्हा चार-पाच दिवस शांतता, पुन्हा १७२. मी मीठ विचारले, गोळी चुकते का विचारले, झोप विचारली. आपल्या वयस्कर आईवडिलांचा रक्तदाब असा मधूनच उसळत असेल तर हेच प्रश्न प्रथम विचारावेत; शिवाय सर्दीपडशाची आणि अंगदुखीची कोणती गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणली जाते, हेही. काकांचे उत्तर प्रत्येक वेळी नकारार्थी होते. अखेर काकूच हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, त्या दिवशी त्यांचा तो बॉल टाकणारा मुलगा असतो.”

तो मुलगा म्हणजे त्या वर्षी चाचपडत असलेला एक स्टार्टिंग पिचर. त्याचे नाव मी लिहीत नाही. बिचाऱ्याला पिट्सबर्गमध्येच पुरेसे बोलून घ्यावे लागले असेल. त्याच्यापाशी वेग आहे, उंची आहे, आदल्या वर्षीची कामगिरीही होती. या वर्षी मात्र पहिल्या दोन डावांत तो झकास टाकतो, आणि मग एकाएकी लागोपाठ दोन वॉक, एक मधोमध पडलेला चेंडू, आणि सामना संपल्यात जमा. काका मला हे इतक्या आवेशाने सांगू लागले की त्यांच्या मानेवरची शीर मला टेबलापलीकडून दिसत होती. “याला येत नाही असं नाही हो डॉक्टर! काल-परवा टाकलेच ना? याला जमतं, पण हा करत नाही!”

हे शेवटचे वाक्य मी मनात नोंदवून ठेवले. त्याच्याकडे मी पुढे येते.

खेळ पाहताना हृदयावर खरोखरच ताण येतो का, असे आपण विचाराल. येतो. २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक परिसरातील तातडीच्या हृदयरोग्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या. सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत त्या सर्वाधिक होत्या आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. हा अभ्यास २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. काकांच्या बाबतीत त्यात पहाटेची भर होती. जाग येण्याच्या सुमारास रक्तदाब निसर्गतःच चढू लागतो, आदल्या सकाळी घेतलेल्या गोळीचा अंमल ओसरत आलेला असतो आणि झोप अपुरी असते. त्यावर हा पिचर.

सामने बंद करा, असे सांगणे सोपे होते. मी सांगितले नाही. त्याचे कारण मला त्यांच्या घरी गेल्यावर कळले.

काकूंना सहा वर्षांपासून कंपवात आहे, ज्याला आपण पार्किन्सन म्हणतो. त्यांचा हात फारसा थरथरत नाही. त्यांचा त्रास वेगळा आहे. चालता चालता पाय एकाएकी जमिनीला खिळतात. हे बहुधा दारात होते. दिवाणखान्यातून न्हाणीघराकडे जाताना चौकटीपाशी त्या थांबतात, टाचा उचलल्या जातात, पावले जागच्या जागी थरथरतात, पण पुढे पडत नाहीत. त्या दिवशी मी काकूंना तपासायला गेले असता हे माझ्यासमोरच घडले. काका मागे उभे होते. प्रथम ते म्हणाले, “चल.” मग, “अगं चल ना.” मग त्यांनी काकूंचा दंड धरून ओढले आणि त्यांचा आवाज चढला: “काल तर जमत होतं! डॉक्टर, ही जिना चढते. पहिल्या मजल्यावरचं घर आहे, सतरा पायऱ्या न अडखळता चढते. मग हे एवढं दार हिला ओलांडता येत नाही? हिला जमतं, पण ही करत नाही!”

वाचकहो, शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे, याची गणती नाही. सासऱ्यांना नातवाच्या हातून पेज गिळता येते, सुनेच्या हातून ठसका लागतो, म्हणून ते नाटक करतात असे सून म्हणते. आईला लहानपणच्या आरत्या पाठ येतात आणि सकाळी मुलगा आला होता हे आठवत नाही, म्हणून मुलगा रुसतो. एखादी गोष्ट मुळीच जमत नसेल तर आपल्याला दया येते. कधी जमते आणि कधी नाही, तेव्हा राग येतो. कधीतरी जमणे हा आपल्याला पुरावा वाटतो, की समोरच्यापाशी शक्ती आहे आणि तो ती आपल्याला देत नाही.

त्या दिवशी चहा घेताना मी विषय बदलला आणि काकांना त्यांच्या तरुणपणच्या पिचरविषयी विचारले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्टीव्ह ब्लासचे नाव घेतले. या खेळाडूची हकीकत वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही विचारात पाडणारी आहे, म्हणून ती मी आपल्याला सविस्तर सांगते.

१९७१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे काका पिट्सबर्गला पोचल्यावर दोनच महिन्यांनी, पायरेट्स आणि बाल्टिमोर ओरिओल्स यांच्यात वर्ल्ड सिरीज झाली. तिसरा सामना ब्लासने एकहाती पूर्ण टाकला आणि पायरेट्सने तो ५-१ असा जिंकला. मालिका ३-३ अशी बरोबरीत आल्यावर १७ ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये निर्णायक सातवा सामना झाला. तोही ब्लासने अखेरपर्यंत टाकला. पायरेट्स २-१ ने जिंकले. वसतिगृहातील संचासमोर अनोळखी मुलांनी आपल्याला उचलून घेतले आणि परदेशात पहिल्यांदा परकेपणा विसरला, असे काका सांगतात. पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, ब्लासने १९ सामने जिंकले, ८ गमावले. पिचरच्या खात्यावर नऊ डावांमागे सरासरी किती धावा पडल्या, असा एक आकडा काढतात. जितका कमी तितका चांगला. ब्लासचा त्या वर्षीचा आकडा होता २.४९. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी संघावर मोठा आघात झाला. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन निघालेले विमान कोसळून पायरेट्सचा थोर खेळाडू रॉबेर्तो क्लेमेंटे मृत्यू पावला.

आणि १९७३ मध्ये ब्लासला चेंडू चौकटीत टाकता येईना. दुखापत नव्हती. खांदा, कोपर, दृष्टी यांत दोष सापडला नाही. वेगही होता. ८८ डाव आणि दोन बळी एवढ्या गोलंदाजीत त्याने ८४ वॉक दिले; १२ फलंदाजांना चेंडू लागला. त्याचा तो २.४९ चा आकडा ९.८५ झाला. जूनमधल्या अटलांटाच्या सामन्यात जेमतेम सव्वा डावात त्याने सहा वॉक आणि सात धावा दिल्या. विलक्षण गोष्ट अशी की सरावात, समोर फलंदाज नसताना, तो पूर्वीसारखाच अचूक टाकत असे. फलंदाज उभा राहिला की हात जणू दुसऱ्याचा होई.

त्याने काय केले नाही? मानसोपचार झाले. महर्षी महेश योगींचे भावातीत ध्यान त्या काळी अमेरिकेत पसरले होते, तेही त्याने करून पाहिले. गुडघ्यांवर बसून चेंडू टाकून पाहिले. चाहत्यांनी पत्रांतून नाना उपाय सुचवले. १९७४ मध्ये तो मोठ्या स्पर्धेत एकच सामना खेळला, शिकागोत; पाच डावांत सात वॉक. १९७५ च्या वसंतात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने खेळ सोडला. नेमके कारण कोणालाच सापडले नाही. अमेरिकेत आजही एखाद्या पिचरची अचूकता अशी विनाकारण हरपली तर त्या अवस्थेला ‘स्टीव्ह ब्लास डिसीज’ म्हणतात. एखाद्याच्या नावाने रोग ओळखला जाणे आम्हा डॉक्टरांत मानाचे समजतात. या गृहस्थाला तो मान नको त्या मार्गाने मिळाला. २००० साली सेंट लुईसच्या रिक अँकील या एकवीस वर्षांच्या पिचरने एकाच डावात पाच चेंडू असे भरकटवले की झेलणाऱ्यालाही अडवता येईनात. तेव्हाही हेच नाव पुन्हा निघाले. अँकीलने पुढे पिचिंग सोडले आणि २००७ मध्ये तो फलंदाज म्हणून परतला. ब्लास मात्र नंतर समालोचक झाला आणि २०१९ पर्यंत पायरेट्सच्या सामन्यांत त्याचा आवाज घरोघर ऐकू येत होता. काका त्याच्याविषयी बोलताना आजही ‘आपला स्टीव्ह’ म्हणतात.

मी विचारले, “काका, १९७३ साली तुम्ही त्याच्यावर ओरडत होतात का?”

“सुरुवातीला ओरडलो. दीडेक महिना. आम्ही चार मित्र स्वस्तातली तिकिटं काढून जायचो. मग बंद केलं.”

“का बरं?”

“दिसायचं हो. त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं की हा जीव तोडून करतोय. मुद्दाम कोण असं करेल?”

मी पुढे काही बोलले नाही. चहा संपवला. काकू कोचावर होत्या. कंपवाताने चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि भाव उमटत नाहीत, त्यामुळे त्यांना काय वाटले ते चेहऱ्यावरून कळण्याजोगे नव्हते. हे येथे मुद्दाम सांगते, कारण याच एका लक्षणाने कंपवाताच्या रुग्णांवर सर्वाधिक अन्याय होतो. ब्लासच्या चेहऱ्यावर धडपड दिसत होती. काकूंची धडपड आतल्या आत होते, आणि बाहेरून त्या उदासीन, हट्टी, कधी कधी उद्धट वाटतात.

आता शास्त्र. आपण चालतो, लिहितो, पोळी लाटतो, तेव्हा प्रत्येक हालचालीचा विचार करत नाही. हजारदा केलेल्या हालचाली मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांच्या देखरेखीखाली आपोआप घडतात, आणि त्या कामी डोपामिन हे द्रव्य लागते. कंपवातात ते कमी पडते. आपोआप चालणारे चालणे मध्येच अडते. मात्र डोळ्यांसमोर स्पष्ट खूण असेल तर मेंदू दुसऱ्या, जाणीवपूर्वक वाटेने पाऊल टाकू शकतो. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी एक खूण असते, म्हणून काकू सतरा पायऱ्या चढतात. सपाट फरशीवर तशी खूण नसते आणि दाराच्या चौकटीत जागा एकाएकी अरुंद भासते, म्हणून त्या अडतात. त्यात नाटक मुळीच नाही. पिचरचे बहुधा याच्या उलट होते, असे या विषयाचे अभ्यासक मानतात: आपोआप घडणाऱ्या फेकीत त्याची जाणीव लुडबुडते, चुकण्याची भीती हाताला वाट दाखवू लागते आणि हात बिघडतो. काही खेळाडूंत स्नायूंच्या नियंत्रणाचाच दोष असतो, लिहितानाच हात आखडणाऱ्या कारकुनासारखा. दोहोंत एक गोष्ट समान आहे. कोणी मागून ओरडले, की दोघांचेही अधिक बिघडते. घाई, दारावरची घंटा, वाजणारा दूरध्वनी, ‘चल लवकर’ असा शब्द, यांनी खिळलेले पाय आणखी खिळतात.

‘काल जमत होते, आज नाही’ याला कंपवातात आणखी एक साधे कारण असते, औषधाची वेळ. लिव्होडोपाची गोळी घेतल्यावर काही तास बरे जातात आणि पुढच्या गोळीआधी अंमल उतरतो. सकाळी अकराला मोकळेपणाने चालणारी व्यक्ती दुपारी दोनला खिळू शकते. काही रुग्णांत भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर गोळी घेतल्यास तिचे शोषण मंदावते. म्हणून ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घेण्यास सांगतात. काकूंच्या वेळा लिहून काढल्या तेव्हा दुपारची गोळी उसळीच्या वाटीबरोबर जात असल्याचे निघाले. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून वेळ बदलली. आपण स्वतःहून मात्र ही औषधे कमीजास्त करू नयेत आणि एकदम तर कधीच थांबवू नयेत.

एक सावधगिरी येथेच सांगायला हवी. वर्षानुवर्षे होणारा असा चढउतार वेगळा आणि कालपर्यंत ठीक असलेले माणूस आज एकाएकी वेगळे वागू लागणे वेगळे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. वृद्ध व्यक्ती दिवसभरात एकदम गोंधळली, झापड आली, असंबद्ध बोलू लागली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, नवे औषध अशी कारणे असू शकतात. अशा वेळी ‘म्हातारपण’ म्हणून स्वस्थ बसू नये.

काकांच्या घरी आम्ही काय केले? न्हाणीघराच्या वाटेवर, दाराच्या अलीकडे आणि पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. दारातले पायपुसणे काढले. काकूंना पट्टी ओलांडायची आहे, दार नव्हे, असे भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी शिकवले. पाय खिळले तर ओढायचे नाही. थांबायचे, श्वास घ्यायचा, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू झुलवायचा आणि मग मोजून पाऊल टाकायचे. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठे वळण घ्यायचे. काकांनी पुढे उभे राहायचे नाही, मागूनही नाही. शेजारी राहायचे आणि ‘एक-दोन, एक-दोन’ एवढेच म्हणायचे. काकूंना आकडे आवडले नाहीत. त्यांनी ‘विठ्ठल-विठ्ठल’ निवडले. ताल साधला की झाले. हे सर्व समजावून झाल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे ही आपल्या स्टीव्हसारखीच.” काकू सावकाश, एकेक शब्द जोडत म्हणाल्या, “म्हणजे आता मी पिचर झाले का?”

काकांचा राग यामुळे गेला असे मी आपल्याला सांगणार नाही. तो जाण्यासारखाही नव्हता. ७८ वर्षांचा हा माणूस रात्री दोन वेळा पत्नीला न्हाणीघरात नेतो, चार वेळा गोळ्या देतो, वेणी घालतो आणि पिट्सबर्गचा मुलगा दूरध्वनीवर विचारतो तेव्हा “सगळं उत्तम” असे सांगतो. सामन्याचे पहाटेचे अडीच-तीन तास हा त्यांच्या दिवसातील एकमेव स्वतःचा वेळ. त्या पिचरवर ओरडता येत होते, कारण त्याला ते ऐकू जात नव्हते. ती जागाही मी काढून घेतली असती, तर ते सारे बोलणे कोणाच्या वाट्याला गेले असते, हे आपल्यालाही कळते. शुश्रूषा करणाऱ्याला मिळणारी विश्रांती ही चैन आहे असे आपल्याकडे समजले जाते, आणि त्याची चिडचिड हा स्वभावदोष समजला जातो. माझ्या मते पहिली औषधाइतकीच नेमाने द्यायला हवी. दुसरी हे ती मिळत नसल्याचे लक्षण आहे.

तेव्हा सामने राहिले, वेळ बदलली. रक्तदाबाची गोळी घेऊन, सात वाजता, चहाबरोबर ध्वनिचित्रमुद्रण पाहायचे. यावर काकांनी मोठी हरकत घेतली की निकाल आधी कळला तर पाहायचे कशाला? अखेर मुलाकडून शपथ घेतली गेली, की तो सकाळी दहापर्यंत बेसबॉलचे अक्षरही कळवणार नाही. रात्री एक मदतनीस बाई आठवड्यातून चार दिवस येऊ लागल्या. खर्च मुलाने उचलला, तोही काकांनी तीनदा नाही म्हटल्यावर. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी काका तासभर बागेतल्या कट्ट्यावर जातात. तिथे बेसबॉल कोणाला कळत नाही, ही त्यांची नवी तक्रार आहे.

त्या पिचरला हंगामाच्या मध्यावर खालच्या स्पर्धेत पाठवले. काका म्हणाले, “बरं झालं, जरा श्वास घेऊ दे त्याला.” पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका पिचरवर ते कडाडले, हे मला काकूंकडून कळले.

जाता जाता पट्ट्यांविषयी एक सांगते, कारण अनेक वाचक हा उपाय करून पाहतील. फरशी पुसताना चिकटपट्टीच्या कडा पाण्याने सुटतात आणि सुटलेल्या कडेत पाय अडकून पडण्याचा धोका असतो. म्हणून फरशीवर घट्ट बसणारी, फरशीच्या रंगाहून स्पष्ट उठून दिसणारी पट्टी घ्यावी, दर आठवड्याला कडा तपासाव्यात आणि कड उचललेली दिसली की पूर्ण पट्टी बदलावी. आमचे काका हे काम स्वतः गुडघ्यांवर बसून, फूटपट्टीने अंतर मोजून करतात. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता मी त्यांना दोनदा मना केले आहे.